गावाने ऐकलेला बार

खंडेनवमीला शिरगावच्या घरात बंदूक पाटावर बसायची आणि माणसं भिंतीला चिकटून चालायची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सोनियाला हे काही पचत नव्हतं. उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि गल्ल्यात त्यांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर असायचं. दिवाळीला त्यालाही टिळा लागायचा. पण टिळा लागला की ते परत गल्ल्यात आणि वडील परत गिऱ्हाइकात. शस्त्राचं एवढं मनावर घेणारं घर तिने सासरीच पाहिलं.

देवघराची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. वर्षभर बंदूक तिथल्या खुंट्यांवर आडवी असायची, आजच्या दिवशी खाली पाटावर. पण वर असो की खाली, नळीचं तोंड मागच्या दाराकडेच, आणि नळीच्या तोंडापासून दारापर्यंत कुणी पाय टाकायचा नाही. तिथे नाथा बसतो. नाथा म्हणजे सोनियाच्या सासऱ्यांचा थोरला भाऊ, ज्याला ह्याच बंदुकीने खाल्लं असं घरात म्हणत. आज त्याचं ताट त्याच जागेवर वाढलं जायचं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि खीर, संध्याकाळपर्यंत तसंच.

बाकी खोलीची फरशी पायांनी मळून निस्तेज झाली होती. तेवढा पट्टा मात्र बसवल्या दिवशीसारखा चकचकीत होता. पुसायलासुद्धा तिथे लांबून काठीने फडकं फिरवत. रांगती पोरं त्या पट्ट्यापाशी आली की आपोआप वळायची, हे सोनियाने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पोरांना कोण सांगतं? तिला बंदुकीपेक्षा त्या चमकेचीच भीती वाटायची.

सासूबाईंना, वेणूबाईंना, आजच्या दिवशी ह्या खोलीत यायला बंदी होती. दिवसभर उपास आणि स्वयंपाकघरात बसून राहणं, हे त्यांच्या वाट्याला आलेलं. कारण वेणूबाई आधी नाथाच्या बायको होत्या. लग्नाला पाचच महिने झालेले. भात पिकलं होतं, रानडुकरं उतरत होती, आणि नाथा खंडेनवमीच्याच संध्याकाळी शेतातल्या माचावर राखणीला निघाला होता. बंदूक ठासायला त्याने चिंधी मागितली. हाताला काही लागेना, तेव्हा नव्या नवरीने हसत हसत आपल्या हळदीच्या लुगड्याचा काठ टरकावून दिला. रात्री गावाने एक बार ऐकला आणि नाथा गेला. बंदूक आपोआप उडाली म्हणे. सासूने छाती बडवत निकाल दिला, की सवाशिणीने हळदीचं लुगडं बंदुकीच्या तोंडात घातलं, म्हणून बंदुकीने सवाशीणपण घेतलं. वर्ष सरल्यावर पाठच्या दिराशी, कमळाकरशी, वेणूचा पाट लावून दिला. त्याच्यापासून कैलास आणि राजू झाले, दोघं मोठे झाले, जमिनीवर कॉम्प्लेक्स उभे राहिले. ठपका मात्र जागचा हलला नाही.

"मम्मी, तुम्ही मानता हे?" सोनियाने एकदा विचारलं होतं.

"मी काय मानायची?" वेणूबाई म्हणाल्या होत्या. "माझ्याच हातानं फाडला ना काठ."

वेणूबाई खोटं बोलत नव्हत्या, त्यांना ते खरंच वाटत होतं. सोनियाला त्या दिवशी इतका राग आला होता, की तो कुणावर काढावा हेच कळेना.

यंदा कमळाकर नव्हते. वैशाखात झोपेतच गेले. बंदुकीचा परवाना त्यांच्या नावावर, तेव्हा ती पोलीस ठाण्यात जमा करायला हवी होती. कैलासने ओळखी लावून खंडेनवमीपर्यंत मुदत मारून आणली होती. परवाना आता त्याला आपल्या नावावर हवा होता, आणि त्यासाठी आईची आणि राजूची संमती लागणार होती. राजू म्हणजे सोनियाचा नवरा. तो म्हणत होता, जमा करा आणि मोकळे व्हा.

"दादा, अरे काय लटकवायची ती ऑफिसात? सगळी दुनिया म्हणणार, ह्याच बंदुकीनं काका खाल्ला."

"बापाची निशाणी आहे ती," कैलास म्हणाला. "उद्या कॉम्प्लेक्सच्या कमानीवर बाबांचं नाव लागतंय. आणि घरातली बंदूक पोलीस स्टेशनात सडत पडू द्यायची? लोक काय म्हणतील?"

कैलासची मुलगी तेजल लॅपटॉप मांडीवर घेऊन भिंतीशी बसली होती. ऑनलाइन अर्ज तीच भरत होती. ठाण्याच्या शूटिंग क्लबात ती एअर रायफल चालवायची, म्हणून घरात बंदुकीचं खातं आपोआप तिच्याकडे आलं होतं. कोपऱ्यात खुर्चीवर हिरामणकाका होते, कमळाकरांचे धाकटे भाऊ. तीन भावांतले आता ते एकटेच उरलेले. गुडघे गेलेले, पण खंडेनवमीला वांगणीहून ते यायचेच.

"प्रकार विचारतायत," तेजल म्हणाली.

"रायफल टाक," कैलास म्हणाला. "एवढी लांबलचक आहे."

"पप्पा, लांबीवर नसतं ते. नळीच्या आत पिळासारख्या खाचा असतील तर रायफल. गोळी गिरक्या घेत जाते, म्हणून सरळ जाते. आतून गुळगुळीत असेल तर नुसती बंदूक."

"मग ट्वेल्व्ह बोअर टाक. वांगणीच्या फार्महाऊसवाल्या शेठकडे आहे तशी."

"ती काडतुसाची. मधे मोडते, मागून काडतूस घालतात. भरलेली आहे की रिकामी, ते उघडून बघता येतं. ही उघडतच नाही कुठून. ही ठासणीची. दारू तोंडातून, गोळी तोंडातून, वरून गजाने ठासायचं."

"आणि पिस्तूल, रिव्हॉल्व्हर सब एकच ना?" राजूने उगाच काडी टाकली.

"एक कसं?" सोनिया म्हणाली. "रिव्हॉल्व्हरला तो गोल फिरतो ना. पप्पांचं बघितलंय मी."

"काकी बरोबर," तेजल हसली. "आणि काही बोअर, म्हणजे नळीची मापं, सामान्य माणसाला मिळतच नाहीत, पोलीस आणि लष्कराचीच. प्रत्येकाचा खाना वेगळा. चुकीचा खाना टाकला तर अर्ज परत."

"गावठी कट्टा कुठल्या खान्यात?" राजूने विचारलं.

"कुठल्याच नाही. लोहाराने पाइप कापून केलेलं, त्याला कसला परवाना? सापडलं की थेट आत."

हिरामणकाकांनी अर्धा प्यायलेला चहा खाली ठेवला आणि कपावर बशी घातली. चहा अर्धवट टाकणारा माणूस नव्हता तो. सोनियाने ते पाहिलं, पण तेव्हा तिला त्यात काही दिसलं नाही.

*

तेजलला ह्या खोलीची भीती लहानपणीच भरून झाली होती. नाथाबाबा बसलेत, तिकडे जाऊ नको. तिकडे बघून बोट दाखवू नको. एकदा तिचा चेंडू त्या पट्ट्यावर गेला तर आजोबांनी, कमळाकरांनी, तो काठीने ओढून आणला आणि तिला थोबाडीत दिली होती. एरवी आवाजही न चढवणारा माणूस. कॉलेजात गेल्यावर भीती गेली असं तिला वाटायचं. आज कळलं, की गेली नव्हती. अर्जात पुढचा प्रश्न नळीच्या लांबीचा होता, आणि लांबी मोजायची तर बंदुकीला हात लावायला हवा होता.

ती उठली, पाटाजवळ गेली आणि नमस्कार केला. झेंडूच्या माळा बाजूला केल्या. मग नळीच्या तोंडाशी वाकायला म्हणून एक पाय त्या चकचकीत फरशीवर टाकला.

"पोरी! तोंडासमोर नको!"

हिरामणकाका गुडघे विसरून उभे राहिले होते. खुर्ची मागे कलंडली.

तेजलने पाय मागे घेतला. फरशी थंडगार होती, ऑक्टोबरच्या उन्हात दार उघडं असूनही. पण तिला त्या गारव्यापेक्षा काकाआजोबांच्या आवाजाने दचकायला झालं. हा आवाज तिने ऐकलेला होता. क्लबात कुणी चुकून बंदूक माणसांकडे वळवली की कोच अस्साच ओरडायचा. भुताला घाबरलेला माणूस असा ओरडत नाही.

"आबा," ती हळूच म्हणाली, "ही भरलेली आहे का?"

"भरलेली कशानं असंल?" हिरामणकाका खाली बसले, पण खुर्ची नव्हती, म्हणून भिंतीला टेकत जमिनीवर. "उडाली ना ती तवाच."

तेजलने बंदुकीखालचा लोखंडी गज सोडवला. मग शेजारी उभं राहून, हात लांब करून, तो नळीत घातला आणि जिथे अडला तिथे चिमटीने खूण धरली. गज बाहेर काढून तिने तो नळीला बाहेरून समांतर लावला. जिथे चाप आणि घोडा होते तिथपर्यंत गजाचं टोक पोचायला हवं होतं. ते चार बोटं अलीकडेच थांबलं.

"आत काहीतरी आहे."

"उंदरानं घर केलं असेल," कैलास म्हणाला.

"घर केलं असतं तर गज रुतला असता, पप्पा. तो टणकन वाजला."

मागच्या दारातून कॉम्प्लेक्सच्या लिफ्टची घरघर येत होती. ज्या शेतात नाथाचा माच होता तिथेच आता ती लिफ्ट चढ-उतर करत होती.

राजू भिंतीला अजूनच चिकटला. "मायला. म्हणजे इतकी वर्षं हिच्यासमोर..."

"हिच्यासमोर कुणीच नव्हतं," तेजल म्हणाली. "आजोबांनी कुणाला जाऊच दिलं नाही."

तिने हे सहज म्हटलं आणि म्हटल्यावर तिला त्याचा अर्थ कळला. नळीच्या तोंडासमोर जायचं नाही. ती आतून पुसायची नाही, उडवायची नाही. थोबाडीत बसली होती तीही चेंडूसाठी नव्हती. हे नियम नाथाबाबांसाठी नव्हतेच. भरलेल्या बंदुकीशी माणूस जसा वागेल तसं आजोबा जन्मभर वागले होते, आणि सगळ्यांना ती भक्ती वाटली होती.

"जमा करताना भरलेली सापडली तर लोच्या होईल," कैलास म्हणाला. "काढून टाक आत्ताच्या आत्ता. येतं ना तुला?"

येत नव्हतं असं नाही, पण आवडतही नव्हतं. घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी नव्हती, तेवढं तिने बघून घेतलं. मग सोनियाकाकीने परात आणि किटलीभर गरम पाणी आणलं आणि तेजलने ते नळीत सोडलं. पाणी आत गुरगुरलं. जरा वेळाने तोंडाशी काळं पाणी फसफसत आलं आणि खोलीभर वास पसरला. सडक्या अंड्याचा, आणि त्याच्यातच लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी अंगणात असतो तसा. जुना होता वास, पण मेलेला नव्हता.

गजाच्या टोकाला मळसूत्र होतं. ते तिने आत फिरवलं, धरलं आणि ओढलं. आधी एक कापडाचा बोळा आला. मग नळी खाली कलती केली तेव्हा शिशाची एक गोळी पराती​त पडली आणि गोल गोल फिरत राहिली.

तेजलने बोळा उलगडला. बाहेरून काळा झाला होता, पण आतली घडी पिवळी होती. पिवळ्यावर लाल काठ.

*

वेणू स्वयंपाकघरात वाल सोलत बसली होती. वास आला तेव्हा तिचे हात थांबले. हा वास तिला नाथाच्या हातांना यायचा. पाचच महिने आला होता, पण ओळखायला तेवढे पुरले होते. ती उठली आणि ज्या खोलीत आज जायचं नव्हतं तिच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.

कैलास बोलत होता. "बाबांनी मागाहून भरली असेल. चोराचिलटाची भीती, रानातलं घर. त्यात काय एवढं?"

"तो माझ्या हळदीच्या लुगड्याचा काठ हाय," वेणू म्हणाली.

सगळे वळले. सोनिया पुढे आली, पण वेणूने तिला हाताने थांबवलं.

"आये, तू कशाला आलीस?" कैलास म्हणाला. "चिंध्या सारख्याच दिसतात. आणि असेल तुझाच तुकडा. काकांनी एक बार उडवला असेल, परत भरली असेल. दोन तुकडे असतील."

"एकच फाडला. बाकीचं लुगडं सासूनं त्याच्यासंगती सरणावर जाळलं. माझ्या अंगावरून सोडवून नेलं तिनं. दुसरा तुकडा आणायचा कुठून?"

राजू परातीतल्या गोळीकडे बघत होता. "म्हणजे ही उडालीच नाही. आयचा तुकडा आतच होता." त्याने मान वर केली. "मग काका कशाने गेला?"

वेणूने चौकट धरली. सगळ्या जन्माचं एक ओझं होतं, आणि ते नव्हतंच. तिचा काठ इथे होता, नीट घडी घातलेला, जिथे नाथाने ठासला तिथे. तिला रडू यायला हवं होतं. आला तो संताप, आणि तो इतका मोठा होता की तिचा आवाज उलट बारीक झाला.

"मी सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "त्याच रातीला सांगितलं व्हतं. हा आपल्या बंदुकीचा आवाज नाय. आपली उडाली की पोटात बसायचा आवाज. ह्यो पत्र्यावर दगड पडल्यावानी फाटका व्हता. सासूनं तोंडावर मारलं. बाईला बंदुकीतलं काय कळतं म्हणाली." तिने हिरामणकडे पाहिलं. "भावजी, तुम्ही व्हता तिथं. दुसरी बंदूक कुणाची?"

"काका, काही बोलायचं नाही," कैलास झटकन म्हणाला. "उद्या कमान आहे. पाहुणे येणार आहेत, नगरसेवक येणार आहेत. जे झालं ते झालं. तेजल, तो बोळा होता तसा आत घाल, आणि मी पोलीस ठाण्यात सांगतो कचरा होता म्हणून."

"पप्पा!"

"दादा बरोबर बोलतो," राजू म्हणाला. सोनियाने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. सकाळपासून भावाशी भांडणारा माणूस आता त्याच्या शेजारी जाऊन उभा होता. "बाबा गेले, काका गेले. आता कशाला? आये, तू बस बघू. पाणी पी."

"बाबांची इज्जत," कैलास म्हणाला.

"और मम्मीची?" सोनिया म्हणाली. "मम्मीला इतकी वर्षं बाहेर बसवलं, तेव्हा कुणाची इज्जत होती?" ती सरळ चालत गेली, त्या चकचकीत पट्ट्यावरून, ताटाला वळसा घालून, आणि हिरामणकाकांच्या समोर जाऊन उकिडवी बसली. "काका, बोला तुम्ही. मी बसलीय इथे."

*

हिरामणला पट्ट्यावरून चालत आलेली ती सून पाहून आधी भीती वाटली आणि मग एकदम हलकं वाटलं. म्हणजे चालता येत होतं. कमळाकरदादाने त्याला देवघरात शपथ घातली होती, आणि दादा जिवंत होता तोवर ती शपथ रोज समोर बसलेली असायची. वैशाखानंतर ती सैल झाली होती. यंदा येण्यामागे आणखी एक कारण होतं, तेजल अर्जासाठी त्या भरलेल्या बंदुकीला हात लावणार हे त्याला कळलं होतं.

"गावठी व्हती," तो म्हणाला. "नळाच्या पायपाची. कर्जतकडच्या लोहारानं केलेली. परवान्याची बंदूक एकच, आणि शेतं दोन बाजूला. कमळाकरदादा म्हणाला, डुकरं काय परवाना बघतात? तो पलीकडच्या माचावर बसायचा ती घेऊन. गोळीच्या जागी सायकलचे छर्रे घालायचा. नाथादादा माचावरून खाली उतरला, भातात हालचाल झाली आणि त्यानं घोडा पाडला." त्याने वेणूकडे पाहिलं. "चुकून का मुद्दाम, ते मी कधी विचारलं नाय, वयनी. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं."

"मग आपल्याच बंदुकीवर घातलं," तेजल म्हणाली.

"तीवरच घालता येत व्हतं. परवान्याच्या बंदुकीनं घरचा माणूस गेला तर अपघात. गावठीनं गेला तर दादा आत, आणि जमीन कोर्टकचेरीत. पोलीस पाटील आपलाच, त्यानं लवकर उरकायला लावलं. ही उडवून रिकामी करता आली असती, पण गावानं एकच बार ऐकला व्हता. दुसरा ऐकला असता तर लोक मोजत बसले असते. म्हणून ऱ्हायली तशीच. गावठी त्यानं नदीत टाकली."

कैलास भिंतीकडे तोंड करून उभा होता. राजूने मोबाईल काढला आणि परत खिशात घातला.

वेणू उंबऱ्याच्या आत आली. तिला विचारायचं होतं ते अजून राहिलंच होतं. हे तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं. सासूला ठाऊक होतं, कमळाकरलाही ठाऊक होतं, पण त्याविषयी घरात पुन्हा कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"भावजी, आवाज झाल्यावर कमळाकर घरी आला. म्हणाला, नाथा गेला, जागच्या जागी गेला. खरं ना?"

हिरामणने कलंडलेली खुर्ची सरळ करायला हात लांबवला.

"तो आल्यावर मला हाक आली. शेताकडनं. 'वेणू,' अशी. मी उठले दाराकडं, तर सासूनं तोंड दाबून धरलं. रातच्या हाकेला ओ द्यायची नाय. आणि कमळाकर दाराला पाठ लावून उभा ऱ्हायला. म्हणाला, तो आता नाथा नाय. मेलेला हाका मारतो, ओ दिलीस तर घरातला आणखी एक नेईल. परत हाक आली. परत आली. मी गोधडीत डोकं घातलं, कानांत बोटं घातली. पहाटे कोंबडं आरवलं तवा थांबली." तिने पदराने तोंड पुसलं. "दर साली ह्या दिसाला मला ती ऐकू येते. मी कान दाबून बसते चुलीपाशी. तुम्हाला वाटतं मी उपास करते."

सोनियाने तोंडावर हात घेतला.

"भावजी, तो जागच्या जागी गेला व्हता ना?"

हिरामणने दोन्ही हात जमिनीला टेकवले. त्याला आता उठताही येत नव्हतं आणि खाली बघूनही भागत नव्हतं.

"नाय, वयनी."

"नाय म्हंजे?"

"पोटात लागलं व्हतं. पहाटेपर्यंत व्हता. दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली मी. दादानं बैल सोडले. म्हणाला, डागदर छर्रे काढील, पोलीस ही बंदूक हुंगतील, आणि हिच्यात उडाल्याचा वासच नाय. मला म्हणाला, तू त्याच्यापाशी बस. मी बसलो. पाणी पाजलं. तो सारखा म्हणत व्हता, वेणूला बोलव. मी म्हणालो, हाक मार दादा, ती ऐकंल." हिरामणचा चेहरा वेडावाकडा झाला. "आमच्या म्हातारीला काय ठावं नव्हतं. ती खरीच भ्याली व्हती."

कैलास वळला. तेजल रडत होती. लिफ्टची घरघर थांबली होती आणि ह्या घरात कधी नसते एवढी शांतता पसरली होती. राजूने नंतर कित्येकदा सांगितलं, की त्या शांततेत त्यालाही बाहेरून काहीतरी ऐकू आलं, दुरून, बाईचं नाव असावं तसं. सोनिया म्हणाली, काही आलं नव्हतं.

वेणूने कान दाबले नाहीत. ती त्या चकचकीत फरशीवरून दारापर्यंत गेली. तिन्हीसांज झाली होती, कॉम्प्लेक्समधले दिवे लागायला सुरुवात झाली होती, आणि शेत कुठेच नव्हतं. ती शेताच्या दिशेने तोंड करून उभी राहिली.

"ओ," ती म्हणाली.

पहिली ओ फारच हळू गेली, म्हणून तिने पुन्हा दिली.